पाणी आलं तर तिथंच थांब

फुलेवाडी, कोल्हापूर
शुक्रवार, पहाटे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास, मी नाही. आई म्हणते दोघंही सारखेच. असू दे. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय, बारक्या फोटो काढून पाठवेल.

रात्रभर कोसळतोय. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. पण गगनबावडा रोडवरचं मांडुकलीचं पाणी बंधाऱ्याची वाट बघत नाही. आरोग्य केंद्रातून घरी येताना तिथं स्कूटी घालू नकोस. घोटाभर दिसलं तरी नको. खाली डांबर आहे की वाहून गेलंय, वरून कळत नाही.

दहा लाखांचं मी बोलायला नको होतं. प्लॉट विकू, इंटर्नशिप संपली की सरकारी सेवेच्या बॉण्डचे पैसे भरून मोकळी हो, असं म्हणालो ते तुझ्या शिक्षणावर राग म्हणून नव्हे. भीतीपोटी माणूस काहीही बोलतो.

पहिल्या वर्षाला मेडिकल कॉलेजनं तुम्हाला गावातली घरं दत्तक दिली, तेव्हाही मी हसलो होतो. पोरं कधी घरं दत्तक घेतात होय? तू मात्र बीपीचं मशीन पिशवीत घालून जायचीस. एकदा तोंड पाडून आलीस. ती म्हातारी गोळी अर्धी करून खात होती, महिनाभर पुरावी म्हणून. आणि हे तिनं तुला तिसऱ्या खेपेला सांगितलं, चुलीपुढं बसवून, चहा पाजून. "पप्पा, ओपीडीत ती मला 'रोज घेते' एवढंच म्हणाली असती," असं तू म्हणालीस. मला पटलं होतं. बोललो नाही, एवढंच.

आणि मण्यारीचं वाचत होतीस ती रात्र. मी ताटावरून उठलो, आई चिडली. कारण कुणालाच सांगितलं नाही, आता सांगतो.

रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या पडतात. हे तू मोठ्यानं वाचत होतीस आणि मला असळजचा थांबा दिसत होता. बापानं पोराला खांद्यावर घेऊन माझ्या एसटीत चढवलं. सात-आठ वर्षांचं असेल. गावातल्या दवाखान्याला कुलूप होतं, म्हणाला. मी आरशात बघून म्हणालो, झोपलंय की पोरगं. तो म्हणाला, "झोपलं न्हाई ड्रायव्हरसाहेब, डोळं उघडंनात."

मांडुकलीत पाणी होतं. गाडीत चाळीस माणसं. मी थांबवली. बरोबरच केलं, आजही थांबवीन. तो पोराला घेऊन खाली उतरला, दोन गडी दोर धरून पुढं झाले, कमरेइतक्या पाण्यातनं पलीकडं गेले. पुढं काय झालं माहीत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात जाऊन चौकशी करायचं धाडस झालं नाही.

त्या कुलपाआड सर्पदंशावरच्या औषधाच्या दहा व्हायल, म्हणजे बाटल्या असत्या, टोचणारं कुणी असतं, श्वास अडला तर अंबू बॅग दाबत बसणारं कुणी असतं, तर निदान उपचार पाण्याच्या अलीकडंच सुरू झाले असते. डोंगरी भागात 20,000 माणसांमागं एक आरोग्य केंद्र, हे तूच सांगितलंस. त्या एकाला कुलूप असलं की काय होतं, ते मी बघितलंय. म्हणून तू तिथं आहेस याचा मला... जाऊ दे. डेपोत सगळ्यांना सांगत फिरतोय, तुला कळलंच असेल.

तर रोज सकाळी व्हायल मोज. तारखा बघ. अंबू बॅगचा मास्क लहान पोराचा आहे का बघ. इन्व्हर्टर चालतोय का बघ. टायर बघितल्याशिवाय मी कधी गाडी डेपोबाहेर काढली नाही. घे, झालं परत सुरू. तुला तुझे सर शिकवायला आहेत, मी गप्प बसतो.

पण पाण्यात गाडी घालू नकोस.

आईनं मेतकूट, नाचणीचं पीठ आणि गमबूट बांधून ठेवलेत. आक्काच्या साखरपुड्याला यायलाच पाहिजे असं काही नाही, मी तिला समजावतो. रविवारी निघू नकोस. पाणी उतरलं की मीच येतो.

तुझे,
पप्पा

ता.क. क्वार्टरच्या मागं गवत वाढलंय म्हणालीस. रात्री बाहेर जाताना बॅटरी घे. आणि गादी खाली घालतेस ते बंद कर, येताना कॉट घेऊन येतो.