हंबरस्टोनचे पत्रे आणि आपल्या खाणवसाहती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घुग्घुस, बल्लारपूर, वणी पट्ट्यात जुनी कोळसा खाण बंद झाली की चर्चा होते ती नोकऱ्यांची आणि उघड्या खड्ड्यांची. ती व्हायलाच हवी. पण मागे उरणाऱ्या वसाहतीबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ओस पडलेल्या हंबरस्टोन या खाणवसाहतीविषयी लिहीत आहोत.

तिथे निघायचं शेतीचं खत, म्हणजे सोडियम नायट्रेट. ते पाण्यात चटकन विरघळतं. आपल्याकडे एका पावसाळ्यात वाहून गेलं असतं. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून ते जमिनीलगत साचून राहिलं. सुरुंगाने थर फोडायचा, भरडायचा आणि वाफेच्या नळ्या बसवलेल्या लोखंडी टाक्यांत उकळायचा. पाणी तापेल तसं नायट्रेट जास्त विरघळतं, साध्या मिठाचं प्रमाण मात्र फारसं बदलत नाही. त्यामुळे द्रावण उथळ टाक्यांत निवलं की तळाशी मुख्यतः नायट्रेटचेच खडे बसतात. उरलेल्या पाण्यातून आयोडीन काढत. या रीतीला इंधन फार लागे आणि हलक्या प्रतीचा थर परवडत नसे.

मजुरी कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे, आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. त्याविरुद्धही आवाज उठवणाऱ्या संपकऱ्यांवर 21 डिसेंबर 1907 रोजी इकिके शहरातल्या शाळेत लष्कराने गोळ्या झाडल्या.

1913 मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. आज आपण टाकतो तो युरिया त्याच वाटेने आला. चिलीच्या खाणींचा बाजार मग खचत गेला आणि 1960 च्या सुमारास हंबरस्टोनला कुलूप लागलं. यंत्रं भंगारात गेली, छपरांचे पत्रे चोरीला गेले, राहिलेलं लोखंड खाऱ्या धुक्याने खाल्लं. जुन्या कामगारांच्या संस्थेने जागा हाती घेतली म्हणून थोडं वाचलं. 2005 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या यादीतही घातलं. त्या यादीतून ती 2019 मध्ये बाहेर आली.

आपल्याकडे खाण बंद करण्याच्या आराखड्यात खड्डे भरणं, कुंपण, मातीच्या ढिगांवर झाडं लावणं हे येतं. त्याच खर्चात इमारती-यंत्रांच्या लिलावाआधी प्रत्येक चाळीचं मोजमाप आणि फोटो, लॅम्परूम (कामगारांचे दिवे ठेवायची खोली) व हॉलेज इंजिन (दोराने डबे ओढणारं यंत्र) यांचे नकाशे बसवावेत. हजेरीबुकं आणि फॉर्म बी रजिस्टर सर्वांत आधी ताब्यात घ्यावीत. कामगाराचं नाव, बापाचं नाव, गाव त्यातच असतं. भिंती नंतरही मोजता येतील, वाळवी लागलेलं रजिस्टर वाचता येणार नाही. ही कागदपत्रं जिल्हा ग्रंथालयात ठेवावीत, अशी आमची मागणी आहे.

— काही खाण कामगार व शेतकरी, ता. वणी, जि. यवतमाळ