नाडी शेपटीखाली असते

महोदय,

कालच्या अंकात मुझफ्फरनगरचे माजी खासदार डॉ. संजीव बालियान यांच्यावरील लेख वाचला. गुरांच्या डॉक्टरला मतदारांची नाडी सापडली नाही, हा विनोद आपल्या लेखकाने तीनदा केला आहे. पहिल्या वेळी मीही हसलो. गाईम्हशींची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला पाहतात आणि तिथे बोट टेकवण्याआधी मागच्या पायांचा अंदाज घ्यावा लागतो, एवढे लेखकमहाशयांच्या माहितीसाठी नम्रपणे कळवतो.

बालियान यांच्याकडे हिसारच्या चौधरी चरणसिंह कृषी विद्यापीठाची पीएच.डी. आहे आणि 2019 मध्ये त्यांनी 6,526 मतांनी हरवलेले अजित सिंह हे त्याच चौधरींचे चिरंजीव. विनोदच करायचा होता, तर जागा इथे होती. 2024 मध्ये बालियान हरेंद्र मलिक यांच्याकडून 24,672 मतांनी पडले, ते काही पशुवैद्यक असल्यामुळे नव्हे. लेखात मतदारसंघ म्हणजे अख्खा जिल्हा असे धरले आहे. प्रत्यक्षात त्यातले सरधना मेरठ जिल्ह्यात येते आणि मुझफ्फरनगर जिल्ह्यातील पुरकाजी व मीरापूर बिजनौर लोकसभेला जोडलेले आहेत. बालियान यांच्या पक्षाशी मला कर्तव्य नाही. 2019 पासून 2024 पर्यंत ते पशुसंवर्धन खात्याचे राज्यमंत्री होते आणि 2022 ची गुरांमधल्या लम्पी त्वचारोगाची साथ त्याच काळातली. त्यावरून त्यांना धारेवर धरले असते, तर हे पत्र मी आपल्या बाजूने लिहिले असते.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून मला चार वर्षे झाली असतील, तेव्हा जोगेश्वरीच्या एका तबेल्यात रात्री दोन वाजता म्हैस अडली होती. गर्भाशयाला पीळ पडला होता. तिला पिळाच्या बाजूवर आडवी पाडून, पाय बांधून, पोटावर लांब फळी ठेवली, फळीवर एका गड्याला उभे केले आणि बाकीच्यांनी तिला हळूहळू लोळवले; तिसऱ्या खेपेला पीळ सुटला आणि पहाटे जिवंत पारडी झाली. कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात धूत असताना दुधाला आलेल्या एका सद्गृहस्थांनी विचारले, "माणसांच्या कॉलेजात नंबर लागला नाही वाटतं?" पुढे आमच्या सोसायटीच्या नावांच्या पाटीवरही माझ्या नावामागे 'डॉ.' लागले नाही, कारण सेक्रेटरींच्या मते रात्री-अपरात्री रहिवाशांची दिशाभूल झाली असती. तोच विनोद आता सकाळच्या चहाबरोबर, वर्गणी भरून, घरपोच मिळतो आहे.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'मुझफ्फरनगर परिसरातील गाई' अशी ओळ आहे. चित्रातल्या सातही म्हशी आहेत.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई