अंगठा लागत नाही, हाही पीएचडीचाच विषय

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तंत्रज्ञान, शासन आणि समाज या विषयांवरच्या फेलोशिपचा लेख वाचला, चांगला होता पण संस्था सगळ्या दिल्ली-बंगळुरू नाहीतर परदेशातल्या. अहो, विडी वळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नाही, हाच तर तो विषय! शिवाय २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं सोलापूर होतं, त्याचाही अभ्यास कोणीतरी करायला हवाच की. पण इथल्या पोरांनी करायचा कशाच्या जोरावर? नेट परीक्षेतून जेआरएफ ही पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार, ती हुकली की यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ८ हजारांची नॉन-नेट, म्हणजे नेटशिवायची, फेलोशिप फक्त केंद्रीय विद्यापीठांत, आपल्यासारख्या राज्य विद्यापीठात तीही नाही. महापालिका आणि विद्यापीठाने मिळून अशा फेलोशिपच्या निदान दोन जागा तरी काढाव्यात.

– एक वाचक, सोलापूर