बिस्किटानं दूध उतरत नाही, तरी ती घरी भाजावीत

मा. संपादक,
महोदय,

तालुक्याच्या मेडिकल दुकानांत ‘आईचं दूध वाढवणाऱ्या’ बिस्किटांची पाकिटं दिसू लागली आहेत. ओट्स, जवस आणि ‘ब्रुअर्स यीस्ट’ घातलेल्या त्यांच्या कृती मोबाइलवरून खेड्यातल्या घराघरांत पोचल्या आहेत. लेक बाळंतपणाला माहेरी आली की डिंक-मेथीच्या लाडवांबरोबर आता हेही करून पाहिलं जातं. जरूर करावं. फक्त ते कशासाठी करतोय हे ठाऊक असावं, आणि ओट्सचं पाकीट शहरातून मागवण्याआधी कोठीतल्या ज्वारी-जवसाकडे एकदा बघावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी दुधाचं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे दूध बनवणारं संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि दूध बनतं. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध भराभर तयार होतं. भरलेली राहिली की शरीर हात आखडतं. म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला छातीशी घेणं, चीक टाकून न देता पाजणं, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं आणि रात्रीचं पाजणं न चुकवणं, हे खरं औषध. बाळानं नुसतं बोंड धरलं तर दूध येत नाही आणि बोंडाला चिराही पडतात. भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मातांना महिनाभर ‘दूधवाढीची’ बिस्किटं दिली आणि काहींना साधी. दोन्हींच्या दुधात फरक आढळला नाही.

मग भाजायची कशाला? भुकेसाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, पुढचे सहा महिने ५२०. आपल्याकडे अनेक घरांत होतं उलटं. सव्वा महिना पातळ वरण आणि भात, पालेभाज्या बंद, ‘बाळाला बाधेल’ म्हणून हे नको नि ते नको, पाणीसुद्धा मोजून. रात्री दोन वाजता पाजताना पोटात खड्डा पडतो, चूल थंड असते आणि एक हात बाळाखाली अडकलेला असतो. अशा वेळी उशाशी ठेवलेल्या डब्यातून एका हातानं काढून खाता येईल असं काहीतरी हवं. लाडूही चालतो, पण बिस्किटाला तूप-गूळ कमी लागतं आणि ज्वारी-कणीक जास्त जाते. पुढे कापसाच्या वेचणीला जाताना शिदोरीतही ती बरी पडतात.

ओव्हन नाही म्हणून अडू नये. गोवऱ्यांच्या आरात रोडगे आणि पानगे भाजणाऱ्या मुलखाला भाजणं काही नवं नाही.

साहित्य असं: ज्वारीचं ताजं पीठ १५० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, अळीव १५ ग्रॅम, खायचा डिंक २५ ग्रॅम, साजूक तूप १४० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ १४० ग्रॅम, सुंठपूड एक लहान चमचा, वेलची किंवा जायफळ आवडीनं, खायचा सोडा पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दोन ते चार मोठे चमचे दूध. डिंक तळायचं तूप याच १४० ग्रॅममधलं. यात वीस-वीस ग्रॅमची पस्तीसेक बिस्किटं होतात.

जवस मंद आचेवर कोरडे भाजा. तडतड ओसरू लागली की लगेच उतरवा. पुढे गेले तर कडू होतात, आणि त्या कडूपणाला नंतर कोणताच गूळ पुरत नाही. पूर्ण गार झाल्यावरच जाडसर फिरवा, गरम फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. तीळ नुसते फुगेपर्यंत भाजा. डिंक वाटाण्याएवढा फोडून घ्या. पावसाळ्यात तो आधी उन्हात किंवा गरम तव्याजवळ वाळवा, मग थोडा-थोडा तुपात मध्यम आचेवर फुलवा. खडे मोठे असले किंवा तूप फार कडकडीत असलं तर वरून फुलतो, आत चिकट राहतो आणि खाताना दाताला धरतो. फुललेला डिंक वाटीच्या बुडानं चुरा.

तूप रवाळ, थिजलेलं हवं. सारा खेळ इथे आहे. गूळ आणि तूप तळहातानं परातीत सात-आठ मिनिटं फेसा. रंग फिका पडून हलकं झालं पाहिजे. दोन्ही पिठं, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळून त्यात घाला, मग सुंठ-वेलची, जवस, तीळ, डिंक. अळीव सगळ्यात शेवटी, कोरडे. ओलं लागताच ते फुगून बुळबुळीत होतात. आधी घालून पीठ ठेवून दिलं तर बिस्किट आतून चिकट राहतं. अळीव घातल्यावर पीठ झाकून ठेवायचं नाही, थेट भाजायला घ्यायचं. दूध चमच्या-चमच्यानं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला की पुरे. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलं की कणकेचा चिकटपणा जागा होतो आणि बिस्किट दगड होतं. बोटाएवढी जाड, मध्ये दीड बोट अंतर ठेवून ताटलीत मांडा.

जाड बुडाच्या जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) गंजात किंवा कढईत दोन बोटं जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा, त्यावर लोखंडी रिंग किंवा उलटी वाटी ठेवा. झाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. मग तूप लावलेली ताटली रिंगेवर ठेवा, आच मंद करा, घट्ट झाका. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. पहिली बारा मिनिटं झाकण उचलू नका. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा आणि पाणी घालू नका. चुलीवर करताना लाकडं मागे ओढा, निखाऱ्यावर गंज ठेवा आणि झाकणीवरही चार निखारे पसरा, म्हणजे वरून रंग येतो. ओव्हन असेल तर १६० अंश सेल्सिअस, अठरा ते वीस मिनिटं. गुळामुळे ही बिस्किटं साखरेच्या नानकटाईपेक्षा लवकर करपतात, म्हणून जास्त आच नको. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात. कच्ची समजून परत ठेवू नका, ताटलीतच गार होऊ द्या. भाजलेलं मीठ पुन्हा भाजायलाच वापरा, भाजीत नको.

बिघडतं ते बहुधा चार-पाच ठिकाणी. बिस्किट पसरून पापडासारखं झालं तर तूप पातळ होतं. आपल्या मे महिन्यात तूप थिजतच नाही, म्हणून पहाटे करा, तुपाचं भांडं माठातल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. हातात घेताच भुगा झाला तर ज्वारीचं पीठ जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं असतं. पंधरा दिवसांपूर्वीचं दळण यात घालू नये, आणि ज्वारी निम्म्याहून जास्त घ्यायची तर तिचा थोडा भाग गरम दुधात आधी भिजवून गार करून घ्यावा. खालून काळं, वरून कच्चं म्हणजे आच मोठी किंवा ताटली थेट मिठावर टेकलेली. साबणासारखी चव आणि तपकिरी ठिपके म्हणजे सोडा जास्त किंवा नीट न चाळलेला. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर कोमट असतानाच डबा बंद केला; पाच मिनिटं पुन्हा शेकली की कुरकुरीत होतात. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, तेव्हा एका वेळी निम्मंच प्रमाण करावं. दळलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून दहा-बारा दिवसांत संपतील इतकीच भाजावीत. खवट वास आला की तुपाचा हिशेब न करता टाकून द्यावीत.

एक बिस्किट साधारण ९० किलोकॅलरीचं. दिवसात तीन खाल्ली तरी २७० होतात, म्हणजे त्या ६०० च्या निम्मेही नाहीत. बाकीचं पोटभर भाकर, घट्ट वरण, हिरवी भाजी, दूध-दही, आणि घरात चालत असेल तर अंडी यांतूनच आलं पाहिजे. बिस्किटांवर भागवून भाकर कमी केली तर नुकसानच.

आता त्या मोबाइलवरच्या जिन्नसांबद्दल. ओट्स वाईट नाहीत, पण ज्वारी असताना त्यांच्यासाठी पैसे घालवण्यासारखंही काही नाही. ब्रुअर्स यीस्ट म्हणजे बिअर तयार करताना वापरलेलं, मेलेलं, कडवट यीस्ट. किराणा दुकानात मिळतं ते पावाचं जिवंत यीस्ट. दोन्ही एक नव्हेत. एकाच्या जागी दुसरं घातल्यानं हाती काही लागत नाही, उलट पोटात गॅस धरतो. ते सरळ वगळा. जवसानं दुधाचं प्रमाण वाढत नाही, पण आई जी चरबी खाते तिचा प्रकार दुधात उतरतो. म्हणूनच डालडा वापरू नये. बेकरीत भाजायला दिलंत तर तूप स्वतःचं द्या आणि आपल्यासमोर मळून घ्या.

बेकरीवाल्याला एक गोष्ट बजावून सांगावी लागते: पाव निघाल्यानंतर भट्टी उतरल्यावरच ही ट्रे घालायची. पावाच्या आचेवर गूळ दहा मिनिटांत काळा होतो. शेर-दोन शेराचं काम भट्टीवाले घेत नाहीत, तेव्हा चार घरांनी मिळून न्यावं. मात्र अळीव घरून मिसळून नेऊ नयेत, तिथेच घालावेत.

मेथीचा प्रश्न हमखास येतो. घालायचीच तर या प्रमाणाला दहा ग्रॅम पूड, दोन दिवस तुपात भिजवून. कडूपणा बराच मरतो. जास्त घेतली तर आईच्या घामाला आणि लघवीला पाकासारखा वास येतो, कधी बाळाला पातळ शी होते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखर वाढलेल्या बाळंतिणीसाठी गूळ, सुंठ आणि वेलची वगळून ६० ग्रॅम डाळव्याचं पीठ, तीन मोठे चमचे घट्ट दही, एक चमचा बाळंतशेपा, जिरं आणि थोडं जास्त मीठ घाला. खारी बिस्किटं होतात आणि खरं सांगायचं तर गोडाहून चांगली लागतात. गडचिरोली-मेळघाटाकडे गुळाच्या काही भागाऐवजी वाळवलेली मोहफुलं निवडून, भाजून, कुटून घालता येतील, पण ती खडखडीत वाळलेली हवीत; दमट असली की आंबतात.

अळिवात लोह आहे म्हणून सरकारी लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. त्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहाबरोबर नाही. बिस्किटं चहात बुडवून खाण्याची सवय असेल तर लोहाची गोळी त्याआधी किंवा नंतर तासा-दोन तासांनी.

उन्हाळ्यातलं एक. पारा ४५ वर गेला की ‘बाळाला तहान लागली असेल’ म्हणून पाणी पाजलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, आईच्या दुधातच ते असतं. तांब्या आईच्या उशाशी ठेवा. पाण्यानं बाळाचं पोट भरतं, ते कमी ओढतं आणि दूध खरोखरच आटू लागतं. मध चाटवणंही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध पुरतंय की नाही हे छातीच्या जडपणावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाला दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं का, पुढे महिन्याला किमान ५०० ग्रॅम वाढतं का, ते अंगणवाडीच्या काट्यावर बघावं. लघवी कमी, गडद पिवळी, बाळ मलूल किंवा ओढायला उठत नसेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं. बाळ नीट ओढत असूनही वजन वाढत नसेल तर आईचं थायरॉइड, प्रसूतीवेळचा मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा अशी कारणं असू शकतात.

गावागावांत महिन्याला होणाऱ्या आरोग्य-पोषण दिवसाला एकदा हे कढईतलं भाजणं करून दाखवावं, अशी अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंना विनंती आहे. एक कढई, किलोभर मीठ आणि पाऊण तास एवढंच लागतं, आणि ताटली आत भाजत असेपर्यंत जमलेल्या बाळांचं वजन करून होतं.

आपली,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ