छाटणी दिवाळीनंतर करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारा चढू लागला की आपल्या वर्तमानपत्रात 'अशी घ्या काळजी' ही चौकट येते. भरपूर पाणी प्या, सुती कपडे वापरा, भर दुपारी बाहेर पडणे टाळा, बाहेर पडावेच लागले तर सावलीत थांबा. सल्ला रास्तच आहे. त्यातल्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र चार शब्द लिहायचे आहेत, कारण ठाण्यात नेमकी एप्रिल-मे महिन्यांत सावली करवतीखाली जाते. पावसाळापूर्व छाटणी या नावाखाली.

वर्तकनगर भागात आमची सोसायटी आहे. कुंपणालगत करंजाची रांग. करंज उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो आणि चैत्रात पुन्हा भरून येतो, म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हा त्याची पालवी सर्वांत दाट. त्या सावलीवर एक छोटा बाजारच चालतो म्हणा ना. इस्त्रीवाल्याचा ठेला, रांगेतल्या रिक्षा, पार्सल पोचवून दोन मिनिटे हेल्मेट काढणारी पोरे आणि मोसमात येणारी ताडगोळेवाली. यंदा एप्रिलअखेर सोसायटीने ठेकेदार लावला. परवानगी रीतसर होती, त्याबद्दल तक्रार नाही. दुपारपर्यंत टेम्पो फांद्यांनी भरला आणि झाडांचे उभे खराटे झाले. ताडगोळेवालीने टोपलीवर ओले गोणपाट टाकले, विजेच्या खांबाच्या हातभर सावलीत टोपली सरकवली आणि स्वतः उन्हात बसली. माल वाळला तर कोण घेणार? सावली सरकली की टोपली सरकायची. इस्त्रीवाला तर पेटत्या कोळशाच्या इस्त्रीपाशी उभा. वर ताडपत्री बांधली आहे, पण तिच्याखाली वारा कोंडतो.

हवामान खाते तापमानाचा जो आकडा देते, तो मुळात सावलीतला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेला असतो. थेट ऊन त्याला लागू द्यायचे नाही, हाच त्या पेटीचा हेतू. म्हणजे बातमीत ३६ अंश वाचतो तेव्हा ते पेटीतल्या तापमापकाचे ३६. बसथांब्यावर उभ्या माणसाला वरून ऊन, खालून तापलेले डांबर आणि समोरून काचेच्या इमारतीची झळ, असे सगळे मिळून सोसावे लागते. उन्हातल्या आणि सावलीतल्या रस्त्याच्या पृष्ठभागात भर दुपारी दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. झाडाखालची हवा तेवढी थंड नसते, दोन-चार अंशांचा फरक पडला तरी पुष्कळ. पण अंगावर येणारी धग तुटते, आणि माणसाला सोसवत नाही ती मुख्यतः तीच.

त्यात आपली हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात त्या दिवशी समुद्रावरचे खारे वारे उशिरा सुटतात. ठाणे तर किनाऱ्यापासून आत, म्हणजे आपल्याकडे ते आणखी उशिरा पोचणार. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करण्याचा निकष म्हणजे किमान ३७ अंश आणि तेही सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त. या रेषेच्या जरा खाली पारा राहिला की लाट नसते. मजूर नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्याला तो फरक जाणवत असेल असे मला वाटत नाही.

१६ एप्रिल २०२३ ची खारघरची दुर्घटना वाचकांच्या लक्षात असेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला अथांग जनसमुदाय मोकळ्या मैदानात तासन् तास बसला होता, डोक्यावर छप्पर नव्हते. १४ जण दगावले. त्यानंतर भर दुपारी मोकळ्या जागेवर कार्यक्रम घेऊ नयेत असे सरकारने जाहीर केले, ते योग्यच झाले. पण ज्यांची दुपार रोजच रस्त्यावर जाते, त्यांच्यासाठी असा नियम कोण काढणार? त्यांना निदान आहे ती झाडे तरी उन्हाळाभर ठेवावीत. घोडबंदर रस्त्यावरची किती झाडे मेट्रोच्या कामात गेली ते आपण पाहिलेच आहे. उरली आहेत त्यांचे बोलतो आहे.

आता दुसरी बाजू. सोसायटीच्या सभेत प्रश्न आला, 'फांदी गाडीवर पडली, माणसावर पडली, तर जबाबदार कोण?' प्रश्न खोटा नाही. पहिल्या वादळी पावसात ठाण्यात दरवर्षी झाडे पडतात. गुलमोहर आणि सोनमोहर तर ठिसूळच. वाळलेली, पोखरलेली, तारांना घासणारी फांदी मेमध्येच काय, दिसेल त्या दिवशी काढावी. त्याला कुणाचाही विरोध नसावा.

पण हिरवीगार, धडधाकट फांदी सरसकट बुंध्यापर्यंत उतरवणे हे कसले संरक्षण? अख्खे झाड उन्मळते ते बहुतेक मुळांपाशी काही बिघडले म्हणून. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट, त्याखाली पाणी मुरायला जागा नाही, दर वर्षी केबलसाठी नाहीतर गटारासाठी खणलेला चर, त्यात तुटलेली मुळे. हे सगळे तसेच ठेवून करवत मात्र फांद्यांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! शिवाय शेंडा छाटलेल्या झाडाला त्या जागी भराभर जे फुटवे येतात, त्यांची पकड कच्ची असते. पुढच्या काही वर्षांत वादळात तेच आधी तुटतात. एका बाजूने छाटलेले झाड दुसऱ्या बाजूला झुकते, ते वेगळेच. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू नये असा वृक्षतज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. आमच्या करंजांची पाव हिस्सा पालवीही उरली नाही. छाटणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. वर टांगलेला मुलगा खालून ठेकेदार सांगेल तेवढे कापतो, आणि ठेकेदाराला टेम्पो भरलेला दाखवायचा असतो, असा माझा संशय आहे.

आणखी एक. एप्रिल ते जून हा कावळ्यांच्या घरट्यांचा काळ. आमच्याकडे एक घरटे फांदीसकट खाली आले. त्या दिवसापासून गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर कावळे झेप घेत आहेत. तेवढी शिक्षा आम्हाला मान्य आहे.

ठाणे महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केलेला आहे, ही चांगली गोष्ट. वृक्ष प्राधिकरणाच्या छाटणीच्या वेळापत्रकालाही त्यात जागा द्यावी, एवढीच विनंती. छाटणीचे दोन भाग करावेत. धोकादायक फांद्या पावसाळ्यापूर्वी, आणि झाडाला आकार देण्याची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत, जेव्हा ऊन हवेहवेसे असते. परवानगीपत्रावर 'फांद्या छाटणे' एवढेच मोघम न लिहिता कोणत्या फांद्या आणि किती, ते लिहावे. आणि तो कागद कामाच्या दिवशी झाडापाशी लावावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारता तरी येईल. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी करायला तर कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको. सोसायट्यांनी आपल्या आवारात ते याच महिन्यात करावे.

आमच्या चिटणीसांना मी पुढचा अर्ज दिवाळीनंतर टाकायला सुचवले. ते लगेच तयार झाले. झाडांच्या प्रेमाने नव्हे; त्या दिवसांत ठेकेदार मोकळे असतात आणि दरही कमी पडतो म्हणाले.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे