मंगळाचे दोन चंद्र: अजयला पत्र

प्रिय अजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘मंगळाचे चंद्र म्हणजे वाटेत पकडलेले दोन लघुग्रह, त्यात विशेष ते काय?’ असं तू लिहिलंयस. त्या एका वाक्यावरच मी अडून बसलोय.

फोबोस आणि डिमोस दिसतात लघुग्रहांसारखे, हे कबूल. काळपट, ओबडधोबड, बटाट्यासारखे. फोबोस लांबीला सुमारे २७ किलोमीटर, डिमोस १५. पण त्यांच्या कक्षा बघ ना! जवळजवळ गोल, आणि दोन्ही मंगळाच्या विषुववृत्तालगतच. बाहेरून भरकटत आलेला धोंडा ग्रहाच्या तावडीत सापडला, तर तो तिरका, लांबट फिरायला हवा. एकाचं जमलं असेल योगायोगाने, दोघांचंही? म्हणून दुसरा विचार पुढे आला: फार पूर्वी मंगळावर काहीतरी प्रचंड आदळलं आणि उडालेल्या राडारोड्यातून हे चंद्र जमले. मला तरी हेच पटतं.

मंगळाच्या विषुववृत्तावर एक रात्र काढायला मिळावी, असं मला फार वाटतं. फोबोस जमिनीपासून जेमतेम ६,००० किलोमीटरवरून फिरतो. त्याची फेरी ७ तास ३९ मिनिटांची, तर मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांहून मोठा. चंद्रच ग्रहाच्या पुढे पळतो! त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि सव्वाचार तासांत पूर्वेला मावळतो. तेवढ्यात त्याच्या कलाही बदलत जातात. डिमोसच्या फेरीला ३० तास लागतात. तो उगवतो पूर्वेला, पण मावळायला अडीच दिवसांहून जास्त घेतो, आणि दिसतो एखाद्या ठळक ताऱ्याएवढाच. ध्रुवांजवळ गेलास तर फोबोस क्षितिजावर येतच नाही, इतका तो खालून फिरतो.

या घाईची किंमत तो मोजतोय. मंगळाच्या ओढीने तो दर शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर खाली येतोय. तीन ते पाच कोटी वर्षांत तो फुटून मंगळाभोवती कडं तरी होईल, नाहीतर जमिनीवर कोसळेल. डिमोस मात्र हळूहळू लांब चाललाय.

आणि अँजेलिनाबद्दल तू वाचलंयस का? ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल २६ इंची दुर्बिणीतून मंगळाचे चंद्र शोधत होते. मंगळाच्या झगमगाटात काही दिसेना, म्हणून ते मंगळच दृश्याबाहेर सरकवून त्याच्या कडेने बघायचे. ते नाद सोडायच्या बेतात होते, पण पत्नी अँजेलिनाने पुन्हा बसवलं. थोड्याच दिवसांत आधी डिमोस, मग फोबोस सापडला. फोबोसवरचं सर्वांत मोठं विवर, नऊएक किलोमीटर रुंद, तिच्या माहेरच्या आडनावाने ओळखलं जातं: स्टिकनी. याचं मला मनापासून समाधान वाटतं. आपल्या मंगळयानाने १ जुलै २०२० रोजी ४,२०० किलोमीटरवरून फोबोसचा फोटो काढला, त्यातही ते विवर दिसतं. जरूर बघ.

आता जपानची अंतराळसंस्था फोबोसची माती पृथ्वीवर आणायच्या तयारीत आहे. ती मंगळाच्या खडकांशी जुळते की लघुग्रहांशी, हे कळलं की आपला वाद मिटेल. तोवर तुझं मत सोडू नकोस, पण दोन्ही कक्षा इतक्या गोल कशा, याचं उत्तर पुढच्या पत्रात हवंच.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर