इस्त्री केलेली नोट

डेन्व्हर, रविवार रात्र

प्रिय दत्त्या,

चौदा महिने झाले. तुमच्या बँकेवर निर्बंध आल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. काय बोलावं सुचेना म्हणून फोन केला नाही, मग उशीर झाला, मग लाज वाटायला लागली. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. माझा गुडघा तसाच, साखर ठीक.

तर, मी एक नोट घेतलीय. किंमत विचारू नकोस, हिलाही सांगितलेली नाही. कपाटातलं ते पाकीट गाडीच्या विम्याचं आहे असं ती समजतेय. दहा डॉलरची, १८८२च्या मालिकेतली, इथे 'ब्राऊन बॅक' म्हणतात ती. पुढे डावीकडे फ्रँकलिन पतंग उडवतोय. मागे तपकिरी नक्षीत बँकेचा सनद क्रमांक, हिरवट निळा, दुकानाच्या पाटीसारखा ठसठशीत.

१८६३च्या कायद्यानं इथे गावोगावच्या बँका आपल्या नावानं नोटा काढायच्या. सरकारी रोखे तारण ठेवायचे, त्यांच्या नव्वद टक्क्यांपर्यंत नोटा मिळायच्या, अख्ख्या तावात. मग कॅशियर आणि अध्यक्ष एकेका नोटेवर टाकानं सही करणार आणि ताव कात्रीनं कापणार. कोलोरॅडो १८७६ साली राज्य झालं. त्याआधीच्या नोटांवर गावाच्या नावापुढे 'टेरिटरी' छापलेलं असतं. त्या आपल्यासारख्यांनी काचेतूनच बघायच्या.

आता दुखणं ऐक. अध्यक्षाची सही चहाच्या डागासारखी फिकटलीय, कॅशियरची मात्र काळी कुळकुळीत. भिंग लावलं तर उभ्या घडीच्या भेगेत शाई झिरपलेली. सही आधी आणि घडी नंतर असती, तर शाई तिथे तुटली असती. म्हणजे सही घडीनंतरची. कुणीतरी गिरवलीय रे! की कॅशियरच आळशी होता, नोट घडी करून खिशात टाकली आणि घरी नेऊन सही केली? तूही पासबुकं घरी आणून भरायचासच की.

त्यात कागद सपाट. ठशाची छपाई बोटाला लागायला हवी, ती लागतच नाही. मग ट्रंकेतून सहाव्या जॉर्जची ती एक रुपयाची काढली. हो, तीच. नववीत तू 'सुरकुत्या काढल्या' म्हणून इस्त्री मारून परत दिलीस आणि मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो ती. दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवर तोच मेलेला गुळगुळीतपणा. तुझ्या त्या पापाचा चाळीस वर्षांनी असा उपयोग झाला.

परत द्यायला हवी, कळतंय. विकणारा म्हणतो, 'बघून घेतलीत.' पण हात होत नाही, कारण त्या बँकेचा इतिहास. जून १८९३मध्ये ब्रिटिश सरकारनं आपल्याकडच्या, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. इथे चांदीचा भाव कोसळला, खाणी बंद पडल्या, आणि जुलैत तीन दिवसांत डेन्व्हरच्या डझनभर बँकांनी दारं लावली. फोर्टातल्या टांकसाळीच्या फाटकावरून आपण किती वेळा गेलोय, आठव! माझी नोट त्या डझनातल्याच एका बँकेची. नाव लिहीत नाही, लगेच भाव शोधत बसशील.

गंमत अशी की बँक बुडली तरी नोट बुडाली नाही. मागे रोखे होते, सरकार पैसे द्यायचं. रांगेत उभे राहिले ते ठेवीदार. हे वाचताना तुझाच चेहरा समोर आला, म्हणून तर आज लिहायला बसलो.

ठेवींच्या विम्याचे पाच लाख मिळाले का? त्यावरच्या पैशांचं काय? वहिनींचं ऑपरेशन ठरलं का? चिन्मयच्या नोकरीचं कळव.

फोटो वेगळे पाठवतोय, सहीचा अगदी जवळून घेतलाय. तीस वर्षं काउंटरमागे सह्या पडताळल्यास, बघून एका शब्दात सांग. इस्त्रीबद्दल मात्र तुझं मत नको.

तुझा,
सुध्या

ता.क. वहिनींना हे पत्र दाखवू नकोस. त्यांचं आणि हिचं रोज बोलणं असतं.